खप घसरू दे, देवा!

साबण कंपनीच्या जाहिरात खात्यात पगार बेताचाच, पण किस्से फुकट मिळायचे! पंच्याहत्तरच्या सुमारास चिंचवडला आम्ही तिघंच होतो: देसाई साहेब, मी आणि भोंगा लावून रिक्षा फिरवणारा तानाजी. साहेबांचा एकच मंत्र, "जाहिरात सारखी समोर आली पाहिजे!"

* * *

थिएटरात इंटरव्हलला आमची स्लाइड लागायची. किती जण बघतात म्हणून मी एकदा जाऊन उभा राहिलो, तर अख्खं थिएटर बाहेर चहाच्या टपरीवर!

साहेब म्हणाले, "मग दोनदा लावा!"

"साहेब, लोक दोनदा चहा पितील!"

* * *

चाकणला खप एकदम वाढला. भिंतींवर जाहिराती रंगवल्या त्याचंच हे यश, म्हणून साहेबांनी पेढे वाटले. मी तिथल्या दुकानदार शेखचाचांना विचारलं.

"कसली भिंत राव? दुसऱ्या कंपनीचा माल आलाच नाही. तुमचाच तेवढा उरला होता!"

पेढे तोवर संपले होते.

* * *

आकुर्डीत तानाजी सकाळी भोंगा लावायचा, तेव्हा नाईट शिफ्टवाले नुकते झोपलेले. मी घरोघर विचारत गेलो, "आमची जाहिरात आठवते का?"

एकजण बनियनवरच बाहेर आला. "जन्मात इसरणार न्हाई! कुठं हाय तो बोंबलणारा?"

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, "जाहिरात सर्वांच्या लक्षात आहे." आम्ही मात्र रिक्षा दुपारी, सेकंड शिफ्टच्या आधी न्यायला लागलो.

* * *

मग मुंबईहून मोठे साहेब आले. "आठवडाभर रिक्षा बंद ठेवा. खप घसरला नाही, तर तुमचं खातं बंद!"

माझं नुकतंच लग्न झालेलं. आमच्याच कंपनीचा खप घसरावा म्हणून मी खंडोबाला नवस बोललो! पण खप जागचा हलला नाही. मोठ्या साहेबांनी खातं बंद करायच्या कागदावर सही करायला पेन उघडलं, तोच गेटवर आरडाओरडा. आकुर्डीच्या पाच-सहा बायका आत आल्या.

"गाडी का बंद केली वो? तुमचा भोंगा आला की आमी मानसांना जेवाया वाढतो. आता रोज उशीर हुतोय, कारखान्याच्या गेटावरनं त्यास्नी माघारी धाडत्यात!"

मोठे साहेब खुलले. "म्हणजे बाई, तुम्ही आमचाच साबण वापरता?"

"न्हाई बा!"

मोठ्या साहेबांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"पन आता घेऊ की! गाडी तेवढी सोडा!"

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझा जीव भांड्यात पडला. ते दारात उभ्या तानाजीकडे वळून म्हणाले, "बघतोस काय? रिक्षा काढ!"