दिनेशच्या गाण्यांतले परग्रहवासी

दिनेश गेल्याची बातमी मला ज्याने दिली, त्याचं नावही मला माहीत नाही. सकाळी डबे भरत होते, फोन वाजला. पलीकडून कॉलेजातल्या मुलाचा वाटावा असा आवाज. "मॅडम, तुम्ही दिनेशसरांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचात ना? सर आज पहाटे गेले. सॉरी हं... पण एक विचारायचं होतं. जायच्या आधी त्यांनी काही खूण सांगितलेली का? म्हणजे ते लोक त्यांना कुठे न्यायला येणार होते वगैरे?" शेवटच्या वाक्याला माझं डोकं फिरलं. मी फोन आपटला. आज काही आठवडे झाले, तो राग तसूभरही उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. दिनेशला कोणीही न्यायला आलं नव्हतं. त्याला कावीळ झाली, ती त्याने अंगावर काढली आणि इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला. त्याची बहीण सुरेखा कल्याणहून रोज पेज घेऊन यायची. दोन घोट घेऊन तो मान वळवायचा. यात कुठेही उडती तबकडी नव्हती.

आमची ओळख ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नौपाड्यातली, हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिलेली मुलगी, आणि तो ठाण्याच्या कोळीवाड्यातला, कुणाकडून तरी मागून आणलेली गिटार घेऊन फिरणारा. आमच्या घरापासून त्याचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, पण माझ्या आईच्या लेखी तो दुसराच मुलूख होता. "तिकडे काय वाजवायला जातेस? माशांना ऐकवणार आहेस?" असं ती म्हणायची आणि मी तणतणत घराबाहेर पडायचे. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या वासात, आमचा मराठी रॉक बँड उभा राहिला. मराठीत रॉक, ही कल्पनाच तेव्हा लोकांना आचरट वाटायची. एका नवरात्रात टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाने आम्हाला बोलावलं, दुसऱ्या गाण्यालाच एक कार्यकर्ता वर आला आणि म्हणाला, "भाऊ, कायतरी नाचायचं वाजवा ना, पब्लिक कंटाळलंय." दिनेशने त्याला नमस्कार केला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असा होता तो. कमालीचा हट्टी, आणि हट्ट करतानाही हसतमुख.

त्याची गाणी म्हणजे त्याचं घर. पाण्यावर हलत्या दिव्यांचं गाणं आहे ना, ज्यावर डोंबिवलीतल्या मुलांनी पानंच्या पानं लिहिली, ते दिवे कसले? होडीतल्या बत्त्या! त्याचे वडील खाडीत जाळं टाकायला जायचे आणि हा लहानपणी काठावर बसून त्यांच्या बत्तीची वाट बघायचा. पण नाही, चाहत्यांच्या मते ती आकाशातून उतरलेली यानं. "शीळफाट्यावर थांबलो मी" हे दुसरं गाणं. त्यावरून तर काही महाभागांनी शीळफाटा हे यान उतरण्याचं ठिकाण ठरवून टाकलं आणि तिथे दुर्बिणी घेऊन जाऊन आले. अरे बाबांनो, मी होते त्या दिवशी त्याच्याबरोबर! कार्यक्रमाहून परतताना आमचा टेम्पो त्या नाक्यावर बंद पडला. ड्रायव्हर पार्ट आणायला गेला तो दुपारभर आलाच नाही. दिनेश ड्रमच्या खोक्यावर बसला आणि वैतागून गाणं लिहून मोकळा झाला. बंद पडलेल्या टेम्पोवर त्या काळात गाणं लिहिणारा माणूस केवढा नवा होता, हे कोणाला दिसलंच नाही. त्याचं जे स्वतःचं होतं, डोळ्यांनी पाहिलेलं, ते सगळं उचलून यांनी आकाशात नेऊन टाकलं.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग कॅसेटमधल्या एका आवाजाचं प्रकरण निघालं, आणि ते मात्र मी कोणालाही माफ करणार नाही. त्यासाठी आधी त्याच्या आईविषयी सांगायला हवं. यमुनाबाई धवलारीण होत्या. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना जी बाई गाऊन देवांना आवतण देते, ती धवलारीण, आणि तिचं गाणं तो धवला. हळद असो की मांडव, तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. दिनेश म्हणायचा, "आपल्या बँडमध्ये खरी सिंगर एकच, पण ती येत नाही." त्याने आईच्या खूप विनवण्या केल्या, एकदा टेपवर गा म्हणून. त्या माझ्यासमोरच त्याच्यावर डाफरल्या, "लगीन नाय, मांडव नाय, आन मी काय भिंतीला गाव? येरा झाला का रं?" येरा म्हणजे वेडा. लग्नाशिवाय धवला म्हणायचा नाही, हा त्यांचा नेम. तेव्हा या पठ्ठ्याने काय करावं? सुरेखाच्या हळदीला तांदळाच्या सुपामागे टेपरेकॉर्डर लपवला आणि आईचा आवाज पकडला. सुरेखाला त्याने कबूल केलं, तुला सासरी ही कॅसेट देईन.

आणि मग त्याने तो वेडेपणा केला, जो फक्त दिनेशच करू जाणे. शेजारच्या एकाने आखातातून आणलेली ती उत्तम कॅसेट, तिची एक बाजू अजून कोरी. ती वाया कशी घालवायची? त्याच कोऱ्या बाजूवर आम्ही आमची गाणी रेकॉर्ड केली आणि प्रती काढायला कॅसेट डोंबिवलीतल्या एका दुकानात दिली. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच पट्टीवर शेजारी शेजारी, उलट्या दिशांनी धावत असतात. मशीनचं हेड जरा सरकलेलं असलं की पलीकडच्या बाजूचा आवाज अलीकडे झिरपतो, आणि तोही उलटा. दुकानातल्या मशीनचं हेड सरकलेलं होतं. आमच्या प्रत्येक प्रतीत, गिटारच्या मागे, यमुनाबाई पुसट आणि उलट्या गात होत्या. प्रती झाल्यावर त्याच मशीनने मूळ कॅसेट चावून टाकली, पट्टीचे तुकडे तुकडे झाले. पुढच्याच वर्षी यमुनाबाई गेल्या. झिरपलेल्या त्या आवाजाशिवाय त्यांचं जगात काही उरलं नाही. दिनेशने सुरेखाला सांगितलं, रेकॉर्डिंग नीट आलंच नाही गं. खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मला म्हणाला, "शुभा, ती रडली असती ना, तर मी गिटार खाडीत टाकली असती."

नव्वदीनंतर कोणा हुशार मुलाला तो मागचा आवाज ऐकू आला. झालं! कॅसेटचे स्क्रू काढायचे, आतली पट्टी उलटी गुंडाळायची, पुन्हा बसवायची आणि कान लावायचे, हा डोंबिवली-कल्याणच्या कॉलेजांत छंदच झाला. आता विचार करा. उलटं उलटल्यावर काय होणार? सुलट! म्हणजे या मुलांच्या कानांवर एक मराठी बाई, आपल्याच ठाण्याची, आपल्याच भाषेत गात होती. सरळ, सुलट. आणि यांनी निष्कर्ष काय काढला? परग्रहावरची भाषा! तुमच्या इमारती उभ्या राहायच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारी माणसं, त्यांची बोली तुमच्या कानांना दुसऱ्या ग्रहावरची वाटते? रोज सकाळी त्यांच्याकडून कोळंबी घेताना तर बरोबर समजते! एका कॉलेजच्या अंकासाठी त्यांनी दिनेशला विचारलं, तो आवाज कोणाचा? तो म्हणाला, "माझ्या आईचा." छापून काय आलं? सरांनी सूचकपणे सांगितलं की त्यांची आई या पृथ्वीवरची नव्हती. तो अंक दिनेशने मला दाखवला तेव्हा तो हसत होता. नंतर त्याने मुलाखती देणं सोडलं. मग तेही रहस्य झालं.

तो गेल्यावर डोंबिवलीत शोकसभा झाली. जायचं नव्हतं, पण सुरेखाला आमंत्रण होतं आणि तिला एकटीला कसं पाठवायचं? सभागृहात भिंतीभर मोठ्या डोळ्यांच्या हिरव्या तोंडांची चित्रं. दिनेशचा फोटो होता, पण कोपऱ्यात. सुरेखा पहिल्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या कार्याला आलोय की काय अशा चेहऱ्याने. एकेक जण उठून सिद्धान्त मांडत होता. मग एका मुलाने मोठ्या भक्तिभावाने जाहीर केलं की आता आपण 'त्यांची' वाणी ऐकू, आणि उलटी गुंडाळलेली कॅसेट स्पीकरवर लावली. घरातल्या टेपवर जे पुसट वाटायचं, ते त्या मोठ्या स्पीकरवर चांगलं कळत होतं. मी सुरेखाचा हात धरायला गेले, तर ती उठून उभी राहिली होती.

तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती गायला लागली. टेपबरोबर. जिथे गिटारच्या गोंगाटात आवाज बुडत होता, तिथले शब्द ती भरत होती. तिचा आवाज फाटत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, तरी एक ओळ चुकली नाही. आणि माझ्या मागे कोणीतरी उत्साहाने कुजबुजलं, "बघ, बघ! यांना ती भाषा येते!"

मी त्याला एक मुस्काटात ठेवून देणार होते, खरंच सांगते. पण सुरेखाच वळली. "न यायला काय झाला? माजी आय हाय ती. माज्या हलदीला गातंय." टेप लावणारा मुलगा पांढराफटक पडला होता. त्याने टेप बंद केली आणि खाली मान घालून विचारलं, "ताई... काय म्हणतायत त्या?"

"देवांना मांडवान बोलावतंय," सुरेखा म्हणाली. "चांद, सूर्य, खारीचा पानी, सगल्यांना. मंग नवरीचे भावाला हाक मारतंय, बहिणीचे पाठीशी उभा रव म्हून. आमच्यान नाव घेऊन हाक मारतान." तिने मुलाला टेप पुन्हा लावायला सांगितली आणि त्या जागी बोट वर केलं. लांबवलेल्या, कापऱ्या सुरात यमुनाबाई हाक मारत होत्या. दिनेश... दिनेश भाऊ... इतकी वर्षं या सगळ्यांनी ती पट्टी उलटीपालटी करून ऐकली होती, आणि आपल्या लाडक्या गायकाचं नाव त्यांच्यातल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं.