मुंग्यांचा दुखवटा

ओरोंत्सो मिस्त्रीचे हात थरथरतात, ही बातमी कास्त्रिन्येल्ला गावात सगळ्यांत शेवटी ओरोंत्सोलाच कळली.

एकेचाळीस वर्षं तो त्या गावात वीज जोडत होता. कुठल्याही भिंतीला कान लावा, आत माझीच तार गुणगुणते, असं तो दोन पेले वाइन पोटात गेली की म्हणायचा. तिसऱ्या पेल्यानंतर ती तार त्याचं नावही घ्यायची. पण त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. ऑगस्टात संत रोक्कोच्या जत्रेला चौकात लाकडी कमानी उभ्या राहत, त्यांवर हजारो दिवे. आणि ते पेटवायचं बटण गेली एकतीस वर्षं ओरोंत्सोच्या अंगठ्याखाली होतं. पाद्रीबाबांचा आशीर्वाद संपायचा, बँड थांबायचा, आणि एक श्वासभर अख्खं गाव संताकडे पाठ करून त्याच्या अंगठ्याकडे बघायचं. त्या एका श्वासासाठी उरलेलं वर्ष तो लोकांचे फ्रिज दुरुस्त करत असे.

या वर्षी मात्र सगळं बिनसलं. औषधवाल्याच्या दारावरची घंटा मुकी झाली. बेकरीतला पंखा बसला. मग दातांच्या डॉक्टरचा पंप. प्रत्येक वेळी ओरोंत्सोने विजेच्या बटणाचा डबा उघडला, तर आत मूठभर मेलेल्या मुंग्या. त्याने त्या कागदावर घेऊन लोकांना दाखवल्या. लोक म्हणाले, "मुंग्या साखर खातात मिस्त्री, वीज नाही."

जत्रा समितीचा अध्यक्ष होता लिबोरिओ न्हावी. त्याने ओरोंत्सोच्या गळ्याला साबण फासला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"वय काय झालं तुमचं, मिस्त्री?"

"सदुसष्ट."

"माझ्या वडिलांचा हात सदुसष्टाव्या वर्षी एकदम स्थिर झाला होता."

"तुझे वडील सदुसष्टाव्या वर्षी वारले, लिबोरिओ."

"तेच म्हणतोय. वेळेवर थांबले." लिबोरिओने वस्तरा उघडला. "लेच्चे शहरातली एक कंपनी आहे. मोबाईलवरून दिवे लावतात. शनिवारी समिती ठरवेल."

वस्तरा गळ्याशी असताना माणूस वाद घालत नाही. ओरोंत्सो अर्धी दाढी न बोलता बसला आणि उरलेली अर्धी देवाला शिव्या देत.

घरी बायको नुन्त्सिया म्हणाली, "आता मुंग्यांचं नावसुद्धा काढू नकोस. हात गेलाच होता, आता डोकंही गेलं म्हणतील."

हे झालं मंगळवारी. गुरुवारी सकाळी दोन्ना क्रोचेफिस्साच्या खिडक्यांची शटरं उघडली नाहीत.

दोन्ना क्रोचेफिस्सा ही लिबोरिओची आत्या. वय त्र्याऐंशी, जिभेचं वय अठरा. तिच्या रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्यांना ओरोंत्सोनेच विजेची शटरं बसवली होती. एक बटण दाबलं की तिन्ही वर. त्या सकाळी तिने बटण दाबलं, चापटलं, चपलेने मारलं. शटरं ढिम्म. आत अंधार आणि जुलैचा उकाडा; दिवसा दिवा लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी हवेसाठी तिने पुढचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि रेडिओ बंद केला, कारण अंधारात तिला रेडिओतला माणूस घरात शिरल्यासारखा वाटत होता.

समोरच्या सान्तिनाने पाहिलं. शटरं खाली, दार बोटभर उघडं, आत शांतता. कास्त्रिन्येल्लात याचा एकच अर्थ होतो. सुतक. शिवाय दोन्नाच्या दूर तोरिनो शहरातल्या भावाचं, काताल्दोचं, परवाच ऑपरेशन झालेलं. सान्तिनाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओव्हन पेटवला.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं. घंटा वाजवायची नाही. आणि कोण गेलं हे तर अजिबात विचारायचं नाही, ते माहीत असायलाच हवं. सान्तिना भाजलेल्या पास्त्याची परात घेऊन आत शिरली, दोन्नाचे हात धरले आणि म्हणाली, "सुटला बिचारा."

दोन्नाला ऐकू कमी यायचं. तिला वाटलं, शटराचा स्क्रू सुटला म्हणतेय.

दुसरी परात वांग्यांची आली. तिसऱ्या बाईने रस्सा आणला आणि कानाजवळ येऊन हुंदका दिला, "काताल्दो म्हणजे देवमाणूस!" तेव्हा दोन्नाच्या डोक्यात उजेड पडला. आदल्या संध्याकाळी याच देवमाणसाने तिला फोनवर तासभर आपल्या पोटाची तक्रार ऐकवली होती. तिने तोंड उघडलं. मग वांग्यांचा वास आला. गेल्या दोन वर्षांत त्या घरात पोस्टमनशिवाय कुणी पाय ठेवला नव्हता. काताल्दो कधीतरी जाणारच, तिने विचार केला, पण तेव्हा वांगी इतकी गरम असतील कशावरून? तिने तोंड मिटलं आणि रुमाल डोळ्यांना लावला.

अकरापर्यंत घरात चाळीस माणसं झाली. लिबोरिओ दुकान बंद करून धावत आला. "आत्या, काकांचं मला सांगायचं तरी! सगळ्यांत शेवटी मला कळलं!" त्याच्या शोकात काकांच्या तोरिनोतल्या फ्लॅटची चौकशी डोकावत होती. मग काळा टाय लावून ओरोंत्सो आला. त्याला बघताच दोन्ना सुतक विसरली.

"आलास, मेल्या! ते बटण उघड. सकाळपासून मला पुरून ठेवलंयस!"

सगळे थबकले. चाळीस माणसांसमोर, सुतकाच्या मेणबत्तीच्या उजेडात, ओरोंत्सोने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. हात खरंच थरथरत होता, आज पहिल्यांदाच. आत त्याचीच तार चुकलेली निघाली तर शनिवारची बैठक इथेच संपणार होती. झाकण निघालं, आणि भिंतीतून मेलेल्या काळ्या मुंग्यांचा ढीग सळसळत खाली आला. बशीभर तरी होत्या.

"जिझस!" सान्तिना म्हणाली.

"पण मरायला आत जातातच कशाला?" लिबोरिओने विचारलं. आवाजात अजून अध्यक्ष होता.

ओरोंत्सोने ब्रशने बटणातल्या तांब्याच्या पट्ट्या साफ करता करता उत्तर दिलं. "जागा कोरडी असते, उबदार, कुणी झाडत नाही. एकीचं अंग दोन पट्ट्यांना लागतं, झटका बसतो. मरता मरता ती वास सोडते. त्या वासाने बाकीच्या धावत येतात. काय झालं, कुणी विचारत नाही. त्याच जागी उभ्या राहतात, त्याही मरतात, वास वाढतो, आणखी येतात. शेवटी इतकी गर्दी होते की पट्टीला पट्टी टेकत नाही आणि वीज पुढे जात नाही."

त्याने ब्रश झटकला. अंधाऱ्या खोलीत परातींतून वाफ येत होती. चाळीस माणसं एकमेकांना खेटून उभी होती.

"कोण गेलंय म्हणालात?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

ओरोंत्सोने बटण दाबलं. शटरं करकरत वर गेली आणि उजेडात सगळ्यांना दिसलं, की दोन्नाच्या रुमालाखालच्या गालाला वांग्याचा रस्सा लागला आहे.

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण सुतकाचं जेवण परत नेलं तर खरंच कुणीतरी जातं. ताटं घ्या. आणि लिबोरिओ, शनिवारच्या तुझ्या बैठकीला मी येणार आहे."

बैठक चार मिनिटं चालली. त्यातली तीन दोन्नाला खुर्ची आणण्यात गेली.

जत्रेच्या संध्याकाळी ओरोंत्सोने सगळ्यांसमोर मुख्य डबा उघडला, ब्रश फिरवला, फुंकर मारली. एकही मुंगी नव्हती. पाद्रीबाबा थांबले, बँड थांबला. आकाश जांभळं होत होतं; माणसांचे चेहरे अजून दिसत होते आणि सगळे त्याच्या अंगठ्याकडे वळलेले होते. त्याने बटण दाबलं. पहिली कमान पेटली, दुसरी पेटली, चौथी, पाचवी, सहावी. तिसरी काळीच राहिली.

ओरोंत्सोला आठवलं. तिसरीची पिन दुपारी त्याने काढली होती आणि पुन्हा लावायची विसरला होता. त्याने तोंड उघडलं.

"मुंग्या!" समोरच्या खुर्चीतून दोन्ना क्रोचेफिस्सा ओरडली.

"मुंग्या!" चौकाने तिची री ओढली. लिबोरिओचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ओरोंत्सोने तोंड मिटलं. गंभीर चेहऱ्याने तो तिसऱ्या कमानीमागे गेला, पिन लावली, आणि टाळ्या ओसरेपर्यंत रिकाम्या जमिनीवर ब्रश फिरवत राहिला.