दौलतरावांचं ‘उठलात का?’

दौलतरावकाका माझे घरमालक. अन्नपूर्णा भागातल्या घरात खाली ते एकटे, वर मी भाडेकरू. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, हे कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चालवायला शिकले. त्याला कारण होतं. शेजारचे गजाननराव घरात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून काकांचा जुना कॉम्प्युटर रोज सकाळी सात वाजता ओळखीच्या एकट्या म्हाताऱ्यांना मेसेज पाठवतो, "उठलात का?" ज्याचं उत्तर येत नाही, त्याच्या दारात काका स्कूटरवर हजर. हे सगळं एका छोट्याशा स्क्रिप्टवर, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडांवर चालतं आणि ती आपण स्वतः लिहिली, हे ते दूधवाल्यालाही सांगतात.

मागच्या महिन्यात एका सकाळी जिन्यातून हाक आली. "यामिनी बेटा, जल्दी खाली ये!"

एकाचंही उत्तर आलं नव्हतं. काकांचा चेहरा पांढराफटक. "इंदिराबाईंना हार्टचा त्रास आहे गं. पहिले कोणाकडे जाऊ?"

"काका, सगळे एकदम कसे झोपतील? मेसेजच गेले नसतील."

स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं.

"समोर तर पडलीय! आंधळा आहे का हा?" काका कॉम्प्युटरवर खेकसले.

"काल काय केलंत?"

"काही नाही. विष्णुपंतांचं नाव टाकलं बस."

मग हळूहळू बाहेर आलं. लेकीने पाठवलेल्या नव्या विंडोज लॅपटॉपवर, नोटपॅडमध्ये सगळी स्क्रिप्ट उतरवून, नाव घालून ती परत या जुन्या कॉम्प्युटरवर आणली होती. मी कपाळाला हात लावला. विजय नगरच्या आमच्या ऑफिसात याच भानगडीने माझं डोकं खाल्लंय. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक जादा खूण ठेवतं. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते पहिल्या ओळीत असतं. लिनक्सला ती खूण त्या नावाचाच भाग वाटते आणि तसल्या नावाचा प्रोग्राम काही सापडत नाही. फाइल बिचारी जागेवरच असते. एका कमांडने मी सगळ्या खुणा काढून टाकल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इंदिराबाई धापा टाकत उभ्या. मागे रिक्षातून यादीतल्याच शोभनाताई उतरत होत्या आणि विष्णुपंत चपला न घालताच आलेले.

"मेसेज नाही आला तुमचा," इंदिराबाई म्हणाल्या. "खबर नाही आली तर सरळ दारात जायचं, तुमचाच तर नियम आहे दौलतरावजी. मी तर घाबरूनच गेले. उठलात का?"

आजवर रोज सकाळी काकांनी सगळ्यांना विचारलं, पण त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ते वळले, खुर्चीत बसले आणि त्यांनी स्क्रिप्ट चालवली. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले.

"अरे भिया, समोर तर बसलोय," विष्णुपंत म्हणाले. तरीही प्रत्येकाने चष्मा शोधून रीतसर उत्तर लिहिलं.

त्या दिवसापासून नुसतं "उठलो" असं कुणी लिहीत नाही. "उठलो. तुम्ही?" असं येतं आणि काका एकेकाला एका बोटाने टाइप करत उत्तर देत बसतात. चहा निवतो. याचीही स्क्रिप्ट लिहून देऊ का, असं मी विचारलं, तर माझ्यावर केवढे डाफरले.