उजवीकडची खिडकी

एसटीत मी तीस वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक भोर-स्वारगेट मार्गावर. सकाळी पुण्याकडं जाताना ऊन उजवीकडून येतं आणि दुपारनंतर परततानाही उजवीकडूनच. त्यामुळं ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना मी जाता-येता डावीकडंच बसवायचो. कोणत्या बाजूला बसावं यात माझी चूक कधी झाली नाही.

म्हणून बंगळूरला राहणाऱ्या मुलीनं आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढायला घेतली, तेव्हा मी तिला फोनवर आधीच सांगून टाकलं, की सकाळचं विमान घे, उजवीकडची खिडकी घे आणि पंखाच्या पुढची घे. ती हसली. बाबा, तुम्ही तर कधी विमानात बसला नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, विमान पुण्यातून दक्षिणेला जाणार ना? मग सूर्य डावीकडं राहतो, आणि भोर, वेल्हे सगळं उजवीकडं येतं. त्याला विमानात बसायची काय गरज? तिनं ऐकलं.

खिडकी माझ्यासाठी नव्हती, बायकोसाठी होती. तिचं माहेर वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. लग्न होऊन भोरजवळ आमच्या उत्रोलीला आली तेव्हापासून माहेरी जायचं म्हणजे नसरापूरला गाडी बदलायची, आणि दोन्ही गाड्यांत मांडीवर एक पोर, शेजारी एक. खिडकी पोरांची. पोरं मोठी झाल्यावरही कुणी म्हातारं चढलं की ती आपणहून उठायची. कंडक्टरची बायको म्हणून तिनं कधी जागा अडवली नाही.

विमानात आम्ही पोचलो तर तिच्या जागेवर एक तरुण बसलेला. त्याच्या शेजारी, माझ्या मधल्या जागेवर, त्याची बायको. मागं माझी मधली जागा आहे, काकूंनी तिथं बसलं तर आम्हाला एकत्र बसता येईल, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. जागेची भांडणं मी आयुष्यभर मिटवली होती, त्यामुळं बोलायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ही म्हणाली,

"न्हाई बाळा. ही जागा माजी हाय. म्या खिडकीतनं बगनार हाय."

आवाज चढवला नाही. तो पोरगा लगेच उठला आणि मागच्या जागेवर गेला. त्याची बायको उठून कडेच्या आपल्या जागेवर सरकली. ही आत जाऊन बसली, मी मधे. पट्टा लावताना मी तिच्याकडं पाहिलं, तर ती खिडकीबाहेरच बघत होती.

विमान उडालं ते पूर्वेकडं. खाली इमारती, मग शेतं, आणि ओळखीचं काहीच नाही. तिनं दोनदा विचारलं, आपलं कुठं हाय. मी म्हटलं, थांब, वळू दे. आणि खरंच ते उजवीकडं कललं, आमच्या बाजूचा पंख खाली झुकला आणि सगळा मुलूख खिडकीत आला. दिवाळी नुकतीच झाली होती, हवा स्वच्छ होती. आधी पुरंदर दिसला. त्याच्या पलीकडं लांबवर भाटघरचं पाणी, डोंगरांच्या घळींत शिरलेलं. रोज कडेकडेनं पाहिलेलं धरण एवढं पसरलंय हे मला तेव्हा कळलं.

मी तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं. तो बघ तुझा तोरणा.

"अवो, त्यो राजगड," ती म्हणाली. "त्येच्या मागं, उजव्या अंगाला, त्यो तोरणा. आमचं घर त्येच्या पायथ्याला."

मी नीट पाहिलं. तिचं बरोबर होतं.

ती कपाळ काचेला टेकवून बघत राहिली. लहानपणी आईबरोबर त्या डोंगराखालून नसरापूरच्या बाजाराला चालत जायची, पहाटे निघाली तर दुपारपर्यंत पोचायची, असं मला सांगत होती. एवढी लांबची वाट इथून बोटभर दिसते, म्हणाली. मग ढग आले आणि डोंगर गेले. तरीही तिनं मान वळवली नाही.

बंगळूरला मुलगी न्यायला आली होती. गाडीत बसल्यापासून ही तिला राजगड, तोरणा, भाटघर सगळं सांगत सुटली. मी राजगडाला तोरणा म्हटलं तेसुद्धा सांगितलं. बाजू कुणी निवडली होती, ते मात्र राहिलं. मीही आठवण करून दिली नाही.