ड्रमवर वाजलेला सांगावा

सगळ्यांना नमस्कार, जय भीम.

या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते. वाचते आणि हसते, खोटं कशाला बोलू... चिंचेवरची बाई, गाडीला हात करणारी पांढऱ्या साडीतली, उलट्या पावलांचा म्हातारा. आमच्या घरात हे कधी शिरलंच नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली. "जे दिसत न्हाई त्याला कशाला भ्यायचं? जे दिसतंय तेच काय कमी हाय?" असं म्हणायचे. मीही तशीच वाढले. त्यामुळे आज मी इथे लिहितेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. शाळा मला चौथीपर्यंत, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच केलं, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी राहते डिंभ्याच्या अलीकडे, घोडेगावहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे कांद्याची बराख — कांदा साठवायची, पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतींची, वारा खेळता राहावा म्हणून.

माझा भाचा निखिल, धाकट्या भावाचा मुलगा. जन्म पुण्यातला, शिक्षण पुण्यातलं. चांगली नोकरी सोडून त्याने बँड काढला. तिघंच जण. निखिल ड्रमवर, तन्वी गाणार आणि गिटार वाजवणार, आणि अर्शद जाड तारांच्या गिटारवर. गाडी चालवायलाही अर्शदच. केस तिघांचेही लांब, पायजमे खाली घेरदार. मी विचारलं, हे काय सोंग?

"आत्या, सत्तर सालातलं रॉक आहे हे. जुनं."

"सत्तर-बहात्तर साली मी दुष्काळाच्या कामावर खडी फोडत होते बाबा. आमचं रॉक तेच."

तन्वी एवढी हसली की तिला ठसका लागला. "निखिल, आपल्या पोस्टरवर हेच टाकू!" बँडचं नाव 'गारगोटी' होतं, म्हणजे आधीच दगड.

त्यांचं म्हणणं असं की हे संगीत मोबाईलवर ऐकायचं नाही, समोर बसून ऐकायचं. म्हणून गावोगाव फिरायचं. कॉलेजं, हॉटेलांची लॉन, जुन्नरकडची कृषी पर्यटनाची ठिकाणं. गेल्या हिवाळ्यात आंबेगाव-जुन्नरचा दौरा लागला तेव्हा मुक्काम माझ्याकडे टाकला. बराख रिकामी होती, तिथे सराव सुरू झाला. पट्ट्यांच्या भिंतींतून आवाज सगळ्या शिवारात! शेजारची पारू ओरडली, "अगं, म्हशीनं दूध चोरलं की गं तुझ्या भाच्याच्या पायी!" पण दुपारी तीच भिंतीला टेकून ऐकत बसायची.

त्यांच्या एका गाण्यात मधेच बाकीचे दोघं थांबतात आणि निखिल एकटा वाजवतो. लांबलचक. त्या दुपारी मी ओट्यावर मेथी निवडत होते. तो वाजवत होता, नुसता गडगडाट... आणि गडगडता गडगडता त्याचा हात एकदम सावकाश झाला. धड्... तड्तड्... धड्... मग मोठा खंड. परत तेच.

माझ्या हातातली जुडी खाली पडली.

आता हे काय ते सांगते. धम्म घेण्याआधी आमच्या घराकडे गावकीचं काम होतं. मयत झालं की हलगी घेऊन वेशीवर जायचं आणि सांगावा वाजवायचा. ज्या घरचं माणूस गेलं त्या घराकडे तोंड करून उभं राहायचं. शेवटाला दोन जड ठोके पडले तर बाप्या गेला. एकच पडला तर बाई. आणि लेकरू गेलं असेल तर शेवट वाजवायचाच नाही, मधेच सोडून द्यायचं. वाजवणाऱ्याला धड भाकरीही कुणी हातात देत नसे, वरून टाकायचे. धम्म घेतला त्या दिवशी आबांनी हलगी घोड नदीत सोडली. मी लहान होते, काठावर उभी होते. पुन्हा त्यांनी आयुष्यात हलगी वाजवली नाही. फक्त आई गेली तेव्हा, घर रिकामं झाल्यावर, पत्र्याच्या ट्रंकेवर बोटांनी तो सांगावा वाजवला आणि मला त्याचा अर्थ सांगितला. माझा भाऊ तेव्हा रांगत होता. म्हणजे निखिलला ते कळायला मार्गच नव्हता. मी कुणापाशी बोललेच नव्हते! ज्याची लाज वाटून टाकलं ते पोरांना कशाला सांगायचं?

बराखीत गेले तर निखिल ड्रम सोडून पुरता वळून बसलेला, एकच लहान ड्रम पुढ्यात. तोंड वरच्या वस्तीकडे. शेवटाला एक जड ठोका.

"हे कुठं शिकलास?"

"कुठं नाही गं. हात आपोआप तिथं गेले. भारी आहे ना?"

"भारी काय, कमाल आहे! हा तुकडा ठेवायचा," तन्वी म्हणाली.

सकाळी वरच्या वस्तीवरचा लक्ष्मण आला. मेंढरं राखणारं घर ते. दारातूनच म्हणाला, "आक्का, आमची म्हातारी गेली. झोपेतच गेली." मी मनाशी म्हटलं, धोंडाबाई नव्वदीची होती. योगायोग. आबांची लेक आहेस ना तू? गप बस.

दोन-तीन दिवसांनी जुन्नरच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात कार्यक्रम होता. मला मुद्दाम नेलं, पुढच्या खुर्चीत बसवलं. दिवस मावळायला आला होता. त्या गाण्यात निखिलने स्टूल ओढलं आणि लोकांकडे पाठ करून बसला. लोकांना वाटलं, स्टाईल आहे. शिट्ट्या वाजल्या. तोंड नारायणगावकडे. तेच... धड्... तड्तड्... आणि शेवटाला दोन ठोके.

टाळ्या चालू असतानाच मळ्याच्या मालकांचा फोन वाजला. त्यांचे थोरले भाऊ नारायणगावला राहायचे. चहा पिता पिता गेले होते.

घरी आल्यावर मी निखिलला अंगणात बसवून सगळं सांगितलं. हलगी, वेस, तोंड कुठे, ठोके किती. तो आधी हसला. "म्हणजे मी यमाचा ड्रमर?" मग त्याचं हसू गेलं. आपल्या हातांकडे बघत राहिला.

"आत्या, आबांनी हे फेकून दिलं होतं ना? मग माझ्याकडं कसं आलं?"

"मला नाही माहीत बाळा."

"मी वाजवतो म्हणून होतं, की होणार असतं म्हणून मी वाजवतो?"

मी म्हटलं, तो तुकडा गाळ. त्याने शब्द दिला. तन्वीशी भांडला, पण गाळला. पुढचे कार्यक्रम नीट पार पडले, मलाही झोप लागायला लागली.

शेवटचा कार्यक्रम डिंभ्यालाच होता, धरणाच्या पाण्याकाठच्या हॉटेलात. माझं घर जवळच, म्हणून दुपारचं जेवण मी घेऊन गेले. भाकरी, भरलं वांगं, ठेचा. अर्शद फोनवर होता, बायकोशी. रुबिनाला सातवा लागला होता, पहिलंच बाळंतपण, आणि ती पुण्यात एकटी. "आत्या, ती विचारते, ठेचा पाठवाल का?" मी म्हटलं, "डॉक्टरला विचार आधी, मग डबाभर देते." हसत हसत त्याने फोन ठेवला.

जेवणाआधी साउंडवाल्याला आवाज लावून द्यायचे होते. त्यात ड्रमवाल्याने एकेक ड्रम नुसताच वाजवत राहायचा असतो, तो सांगेपर्यंत. गाणं नाही, काही नाही. आम्हाला हे सुचलंच नव्हतं. गाणं गाळलं म्हणजे झालं असं आम्ही धरून चाललो होतो.

"लहान ड्रम दे भाऊ," साउंडवाला म्हणाला.

निखिल वाजवायला लागला. धड्, धड्, धड्... आणि मग तोच खंड आला. मी बघते तो त्याने पायाने स्टँड फिरवलेला. धरण एका अंगाला, तोंड पुण्याकडे. चेहरा पांढरा पडलेला, डोळे माझ्यावर, आणि हात चाललेले.

"आत्या..." एवढंच म्हणाला.

तड्तड्... धड्... आणि मधेच हात थांबले. काठ्या हवेत.

साउंडवाला म्हणाला, "का थांबला राव? चालू ठेव की."

मला कळलं होतं. शेवट नाही. लेकरू. आणि पुण्यात कुणाचं लेकरू, तेही कळलं होतं.

"अर्शद, घरी फोन लाव! आत्ता! शेजारणीला सांग, तिला दवाखान्यात न्या!" मी ओरडले. तो बावरला, पण लावला. मी स्टेजवर कशी चढले आठवत नाही. मनात एकच होतं की शेवट वाजला तर ते लेकराचं राहत नाही. निखिलच्या हातातली काठी ओढून घेतली. दोन मारले तर बाप्या, आणि समोर निखिल बसलेला, अर्शद उभा. मी एकच मारला. सगळ्या अंगाचा जोर लावून.

स्पीकरमधून तो ठोका पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. 

निखिल हळू आवाजात म्हणाला, "आत्या, एक का मारलास?"

"माझ्यासाठी मारला रे. माझं झालंय आता सगळं."

फोनवरून शेजारीण सांगत होती की, रुबिना मोरीत पडलेली सापडली, झटके येतायत, रिक्षा बोलावलीय. अर्शद आणि तन्वी तसेच गाडी घेऊन निघाले. मी आणि निखिल स्टेजच्या कडेला बसून राहिलो. मी वाट बघत होते... कुठे दुखतंय का, छातीत काही होतंय का. काहीच होत नव्हतं. ऊन होतं, भाकऱ्या फडक्यात तशाच होत्या. मला बरंच वाटत होतं म्हटलं तरी चालेल.

अंधार पडायच्या सुमाराला तन्वीचा फोन आला. मुलगी झाली होती. अगदी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण जिवंत. रुबिना गेली.

निखिलने फोन खाली ठेवला. त्याची नजर ड्रमच्या स्टँडवर होती. मीही तिकडे पाहिलं. तोंड अजून पुण्याकडेच होतं. ते माझ्या घराकडे फिरवायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी अर्शदला समजावून सांगितलं, गरोदरपणात रक्तदाब वाढून असं होतं, कधी कधी दोघांपैकी एकच हाती लागतं. मला ते पटतं. वाजवल्याने कुणी मरत नाही, हेही मी आजही मानते. आबांनी शिकवलेलं काही मी सोडलेलं नाही. पण मग निखिलच्या हातात तो सांगावा आला कुठून? दिशा त्याला कोण दाखवत होतं? आणि तो एक ठोका... नुसता आवाजच होता का? मी रोज विचार करते.

निखिल आता परत नोकरीला लागलाय. गारगोटी दुसरा ड्रमर घेऊन फिरते. त्या दुपारचं आम्ही दोघं एकमेकांशीही बोलत नाही.

गेल्या रविवारी अर्शद आला होता, पोरीला घेऊन. आता चांगली गुटगुटीत झालीय. माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही त्या दिवशी ओरडला नसता तर ही पण नसती. रुबिना नाही, पण ही तुमच्यामुळं आहे." आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं नाही. "चहा टाकते," म्हणाले, पण मला उठता येईना. पोरगी माझं बोट घट्ट धरून झोपली होती.