सगुणाबाईनं ओटी भरली नाही

मला ‘अ‍ॅडजस्ट’ या शब्दाची किळस येते. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा घुसतो, तो अ‍ॅडजस्ट करा म्हणतो. दुधात पाणी घालणाराही तेच म्हणतो, आणि वर हसतो. पण हा शब्द सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला आला असेल तर टेंभुर्णीतल्या माझ्या शेजारणीच्या, सगुणाबाईच्या. नवरा पिऊन यायचा तेव्हा सासू म्हणायची, अ‍ॅडजस्ट कर. म्हणजे मार खा. दिराचं लग्न झालं तेव्हा अ‍ॅडजस्ट म्हणजे खोली सोडून ओसरीत झोप. नवरा वारल्यावर त्याच दिराला जमीन हवी होती, तेव्हा त्याचा अर्थ सही कर असा झाला. ती करत गेली. मला बघवायचं नाही.

यंदा दिवाळीनंतर तिची लेक आकांक्षा बदनापूरचं सासर सोडून आली. हातावर इस्त्रीचा चटका होता, नवऱ्यानं मुद्दाम दिलेला. मग सगुणाबाईच्या घरी बैठक बसली. पोहे मी केले होते. जावयाचा चुलता धर्मराज दोन प्लेटी संपवून बोटं चाटत म्हणाला, “पोरगं गरम डोक्याचं हाये, मंग पोरीनंच जरा अ‍ॅडजस्ट करावं.” दीर मान डोलवत होता. जावई मोबाईल बघत होता. असल्या माणसांसाठी मी कांदा चिरला होता.

पोरीला आजच न्यायचं ठरलं. आमच्याकडं आईनं ओटी भरल्याशिवाय लेक सासरी निघत नाही. दिराच्या बायकोनं तांदूळ, नारळ, खण असं ताट तयार करून आणलं. आकांक्षा खाली बघत पदर पसरून उभी राहिली.

सगुणाबाई ताट घेऊन आत गेली. तांदूळ परत डब्यात ओतून ती रिकाम्या हातानं बाहेर आली.

“ओटी भरणार न्हाई मी.”

“विहीणबाई, सगळ्यांनाच करावं लागतं अ‍ॅडजस्ट,” धर्मराज म्हणाला.

“मी केलं की जलमभर. ते बघून बघून ही शिकली. हात भाजला तरी आठ दिस कुनाला बोलली न्हाई.”

आकांक्षा अजून तशीच उभी होती. सगुणाबाईनं पदर तिच्या मुठीतून सोडवला आणि तिच्या कमरेला घट्ट खोचला.