साळूमावशीची भुईआवळी

साळूमावशी डिंभ्याच्या वरच्या डोंगरातली. पोराला पिंपरी पेंढारला सोसायटीत नोकरी लागली, तेव्हा ती आमच्या शेजारी राहायला आली आणि येताना काविळीचं औषध घेऊन आली. औषध म्हणजे भुईआवळीचा रस, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. गुपित होतं ते जागेचं. पाला कुठून खुडला हे देणाऱ्यानं सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण गेला.

एकदा पुण्याच्या कॉलेजातली पोरं तिला भेटायला आली. ही पोरं म्हणे उंदरांना रसायन पाजून त्यांचं लिव्हर बिघडवतात, मग असल्या पाल्यांचा अर्क देऊन बघतात. मावशीनं चहा दिला, जागा सांगितली नाही. वर म्हणाली, "उंदरांना कशाला तरास देता? आमच्याकडं माणसं हायेत की."

तसलं एक माणूस यंदा आलंच. दादाभाऊ, लोकांच्या द्राक्षबागा फवारणारा. दहा वर्षं हेच काम. तोंडाला बांधायचा टॉवेल तंबाखूच्या सोयीसाठी कायम गळ्यात. डोळे हळदीसारखे झालेले. डॉक्टरनं ॲडमिट व्हायला सांगितलं होतं, पण फवारणीचा सीझन चालू, आणि मावशीच्या हातून कोणकोण उठलं याची यादी त्याला पाठ. सात दिवस सकाळी अनशापोटी ये, एवढंच ती म्हणाली.

पूर्वी ती पाल्यासाठी एसटीनं डिंभ्याला जाऊन डोंगर चढायची. आता गुडघे गेलेले. या खेपेला तिनं घरामागच्या द्राक्षबागेचा बांध बघितला. ठिबकच्या ओलीवर भुईआवळी अशी माजलेली, की डोंगरानं लाजावं. ती बागही दादाभाऊच फवारायचा. रोज पहाटे मावशी पाला खुडायची, दुधातून रस द्यायची, आणि तो डोळे मिटून घटाघटा प्यायचा. आठव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. मंचरला नेलं.

दोन दिवसांनी मावशी दुसऱ्या कुणासाठी बांधावर गेली, तर बागेत फवारणीचा ब्लोअर चालू. दादाभाऊच्या जागी नवा गडी. औषधाचं धुकं वेलींवरून सरकत बांधावर आलं आणि भुईआवळीवर बसलं. पानापानावर पांढरे थेंब. ती रिकाम्या हातानं परत आली आणि मला म्हणाली, गाडी काढ.

तिला मागं बसवून मी मंचरचा दवाखाना गाठला. खाटेजवळ दादाभाऊची बायको उज्ज्वला उभी होती. तिच्यादेखत मावशीनं जन्मात पहिल्यांदा जागा सांगितली.

"दादा, तुला पाजला तो पाला बागेच्या बांधावरचा व्हता."

दादाभाऊनं मान तिच्याकडं वळवली.

"वास येत व्हता मावशी," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच अंगाचा."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, लिव्हर आधीच संपलं होतं, सात दिवसांच्या रसानं काय होतंय. मावशीनं ऐकून घेतलं, मानलं नाही.

आता पिवळ्या डोळ्यांचं कुणी दारात आलं, की ती आधी डोंगरातली जागा सांगून टाकते, अगदी कोणत्या आंब्याखाली तेसुद्धा. मग औषध लागू पडणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. माणूस मुकाट उठतो आणि दवाखान्याची वाट धरतो.